गाडी आपली, चावी कुणाची?

आमच्या येरवड्यातील वस्तीत रविवारी सकाळी वंदना आटोपली की माणसे विहाराच्या ओट्यावर घटकाभर बसतात. कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाच्या पेन्शनची अडचण, कुणाच्या भाडेकराराची भानगड, असे काही ना काही निघते. आम्ही पडलो कारकून, त्यातून बी.कॉम. झालेले, कागद म्हटला की तो फिरत फिरत आमच्यापुढे येतो. २०२४ च्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी मात्र कागद आला नाही, वही आली. दोनशे पानी शाळेची वही, कोपऱ्याला तेलाचा डाग. ती आणणाऱ्या वहिनी म्हणाल्या, “दादा, एवढं बघून द्या. गाडी कमी धावतेय, की मीच चुकीचं लिहितेय?”

या वहिनींचे यजमान बारा वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. २०२३ मध्ये त्यांनी एका कंपनीच्या ताफ्यातून निघालेली जुनी विजेवरची मोटार साडेसात लाखांना घेतली. थोडे साठवलेले, थोडे सासऱ्यांच्या फंडातले, बाकी कर्ज. महिना १३,८०० रुपये हप्ता. विमानतळ ते हिंजवडी अशी शहरातली भाडी आणि आठवड्यातून दोनदा एका ठरलेल्या गिऱ्हाइकाला मुंबईला सोडणे, या हिशेबावर गाडी घेतली होती. डिझेलचा खर्च वाचतो, किलोमीटरला दीड-दोन रुपयांत काम भागते, हे खोटे नव्हते. पहिले वर्ष बरे गेले. मुलगी डिप्लोमाला लागली.

वहिनी बचतगटाचा जमाखर्च लिहितात, त्यामुळे हात वळलेला. गाडी रात्री नणंदेच्या गाळ्यात चार्जिंगला लावतात, तेथे वेगळे मीटर आहे. वहिनींनी पहिल्या दिवसापासून पाच रकाने आखले होते: तारीख, रात्री गाडीत उरलेले टक्के, सकाळचे टक्के, मीटरचे युनिट, दिवसाचे किलोमीटर. सांगायला कुणी लावले नव्हते. “वीजबिल नणंदेच्या नावावर येतं, तिला हिशेब द्यायचा असतो,” एवढेच त्यांचे म्हणणे.

आम्ही ती वही घरी नेली आणि दोन रात्री बसून बेरजा केल्या. सप्टेंबर २०२४ पर्यंत गाडी वीस टक्क्यांवरून शंभरावर न्यायला मीटरवर सुमारे २३ युनिट पडत आणि पूर्ण भरलेल्या गाडीत साधारण १८५ किलोमीटर होत. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला गेली. परत देताना तिथल्या मुलाने सांगितले, “सॉफ्टवेअर नवं टाकलंय.” त्यानंतरच्या पानांवर तेच वीस ते शंभर टक्के १९ युनिटांतच भरत होते आणि किलोमीटर १५५ वर आले होते. काचेवर आकडा मात्र पूर्वीसारखाच शंभर.

वहिनी चुकल्या नव्हत्या.

येथे ज्यांच्या घरी विजेची मोटार नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगणे भाग आहे. मोटारीच्या तळाशी असणारी बॅटरी ही एकच एक वस्तू नसते. लहान लहान सेल असतात, काही सेल मिळून एक मॉड्युल होते आणि अशी मॉड्युले एका बंद पेटीत एकामागून एक जोडलेली असतात. या पेटीवर एक छोटा संगणक पहारा करतो. प्रत्येक सेल किती भरला, किती तापला हे तो पाहतो आणि भरणे केव्हा थांबवायचे, वापरणे केव्हा थांबवायचे हे ठरवतो. एक सेल अशक्त झाला तर बाकीचे ठणठणीत असूनही सगळी पेटी त्याच्या बेताने चालवावी लागते. जोडीतला एक बैल थकला की गाडी थकलेल्या बैलाच्या चालीनेच जाणार, तसे.

दुसरी गोष्ट म्हणजे या पहारेकऱ्याला हुकूम बाहेरून देता येतो. तोच सॉफ्टवेअर अपडेट. कधी तो सर्व्हिस सेंटरमध्ये तार जोडून देतात, कधी मोबाइलच्या सिमसारखे सिम गाडीत असते आणि हुकूम हवेतून येतो. सेल शंभर भरायचे ते पंचाऐंशीवर थांबवा आणि त्यालाच शंभर म्हणा, असाही हुकूम देता येतो. आमच्या आजीच्या पिढीला मापाच्या तळाशी मेण लावणारा दुकानदार ठाऊक होता. माप काठोकाठ भरलेले दिसे, घरी आणून ओतले की कमी. येथे मेण लावणारा दिसत नाही, आणि वही नसती तर घरी ओतून पाहण्याची सोयही नव्हती.

पण लगेच लबाडी म्हणून ओरडणे बरोबर नाही, हेही आम्ही त्या दोघांना सांगितले. तळ वर उचलण्यामागे कधी कधी जिवाचे कारण असते. अमेरिकेत शेवरोले बोल्ट नावाच्या मोटारीचे उदाहरण आहे. काही गाड्यांना आगी लागल्या. चौकशीत निघाले की एकाच सेलमध्ये दोन दोष एकदम आले, आतली पट्टी फाटलेली आणि मधला पडदा दुमडलेला, तर आग लागू शकते. २०२१ मध्ये २०१७ ते २०२२ या वर्षांच्या सगळ्या मिळून १ लाख ४० हजारांहून अधिक गाड्या कंपनीला परत बोलवाव्या लागल्या. नवी मॉड्युले मिळेपर्यंत मालकांना सांगण्यात आले की नव्वद टक्क्यांवर भरू नका, गाडी घराबाहेर उभी करा. अशा वेळी कमी भरणे हेच शहाणपण. मात्र तेथे कारण जाहीर सांगितले गेले, दोषी मॉड्युले बदलून देण्यात आली आणि खर्चाचा बहुतेक भार सेल बनवणाऱ्या कंपनीने उचलला. कारण सांगणे आणि भरपाई करणे, एवढा फरक आहे.

असो. पुढच्या आठवड्यात आम्ही त्या भाऊंबरोबर सर्व्हिस सेंटरला गेलो. कंपनीचे नाव येथे घेत नाही, कारण गोष्ट अजून पुरती संपलेली नाही. काउंटरवरच्या साहेबांनी वही पाहिलीही नाही. “थंडीत रेंज कमी होतेच,” म्हणाले. आम्ही म्हटले, सप्टेंबरात पुण्यात कुठली थंडी? मग त्यांनी गाडी यंत्राला जोडली आणि तासाभराने कागद दिला: बॅटरी पॅक बदलणे, ५ लाख ४० हजार रुपये, कर वेगळा. वॉरंटी? गाडी टॅक्सी म्हणून नोंदलेली, किलोमीटरची मर्यादा ओलांडलेली, म्हणजे संपली. आतला नेमका कोणता भाग गेला? “पेटी आम्ही उघडत नाही, वरून परवानगी नाही.”

साडेसात लाखांच्या गाडीला साडेपाच लाखांची बॅटरी. हिशेबाच्या वहीत आम्ही दरवर्षी घसारा लावतो. वस्तू झिजते, तिची किंमत हळूहळू उतरते, हे आम्हाला मान्य आहे. पण हा घसारा नव्हता. हा एका दिवसात, एका वाक्यात आलेला खर्च होता. रिक्षाच्या हप्त्यावर ज्यांची घरे चालली त्यांना इंजिनचे काम निघाले की काय करायचे ते माहीत असते. ओळखीचा मिस्त्री, रिंग-पिस्टन, पंधरा-वीस हजार, थोडी उधारी. येथे मिस्त्री नाही, उधारी नाही, आणि भाग सुटा मिळत नाही. मुंबईच्या फेऱ्या तर आधीच बंद पडल्या होत्या. पूर्वी गाडी भरून निघाली की मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ जात असे. आता खालापूरला थांबून पाऊण-एक तास चार्जिंग करावे लागे, आणि विमान गाठायचे असलेले गिऱ्हाईक तेवढा वेळ थांबत नाही. महिन्याला साधारण नऊ हजारांची तूट आम्ही काढली. वहिनींनी दागिने गहाण टाकण्याची गोष्ट त्याच रात्री काढली. “एवढं झालं की झालं,” म्हणाल्या. आम्ही त्यांना आठ दिवस थांबायला सांगितले, आणि खरे सांगायचे तर त्या आठ दिवसांत काय करायचे याची आम्हालाही कल्पना नव्हती.

चार्जरच्या रांगेतली बैठक

विजेच्या मोटारवाल्यांची एक गोष्ट आम्हाला आवडली. पेट्रोल भरायला पाच मिनिटे लागतात, तेथे कुणी कुणाशी बोलत नाही. चार्जरवर पाऊण तास काढायचा असतो, म्हणून माणसे बोलतात. भाऊ आम्हाला विमानतळाजवळच्या चार्जिंगच्या जागी रात्री दहाला घेऊन गेले. सात गाड्या होत्या, त्यातल्या चार त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या.

एकजण ठामपणे सांगत होता, “अपडेट म्हणून घ्यायचाच नाही. गाडी चालतेय ना, हात लावू देऊ नका.” दुसऱ्याचे उलट: अपडेट घेतल्यावर त्याच्या गाडीचा चार्जिंग मध्येच तुटण्याचा त्रास थांबला होता. तिसरा म्हणाला की आपल्या गाडीची बॅटरी लोह-फॉस्फेटची आहे, ती नेहमी ऐंशीवर थांबवली तर संगणकाला खरा अंदाज राहत नाही. आठवड्यातून एकदा तरी पूर्ण शंभर भरावी, मग टक्केवारी ठिकाणावर येते. हे त्याचे म्हणणे बरोबर आहे, अशा बॅटऱ्यांना तसे करावे लागते. पण आमच्या वहीत रोजच शंभर भरलेले होते, तेव्हा तो उपाय येथे लागू नव्हता. चौघांपैकी तिघांनी सांगितले की सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सर्व्हिसिंगनंतर त्यांच्याही गाड्या कमी धावतात. वही कुणाकडेच नव्हती. “आम्हाला वाटलं, गाडी म्हातारी झाली,” एकजण म्हणाला.

त्या रांगेत एक संगणक कंपनीत नोकरी करणारा तरुण होता, स्वतःची घरची गाडी घेऊन आलेला. त्याच्याकडे काडेपेटीएवढे एक यंत्र होते. स्टिअरिंगखालच्या खाचेत ते लावले की मोबाइलवर सेलांचे आकडे दिसतात. त्याने आमच्या भाऊंच्या गाडीला ते लावले. बॅटरी बरीच उतरली होती. बहुतेक सेल ३.२ व्होल्टच्या आसपास होते, आणि एका मॉड्युलमधले दोन २.९ वर. तरुण म्हणाला, “काका, पेटी नाही गेली. त्यातला एक डबा गेलाय.” बाकी तिघांच्या गाड्यांत असा अशक्त सेल दिसला नाही, तरी किलोमीटर कमी. म्हणजे आमच्या भाऊंच्या गाडीत गोष्टी दोन होत्या, एक आजार आणि एक हुकूम, आणि सर्व्हिस सेंटरने दोन्ही मिळून साडेपाच लाखांचा एकच कागद दिला होता.

आमच्या वस्तीत एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना हे सांगितले तेव्हा ते भडकलेच. “एक पाटा तुटला म्हणून आम्ही बस भंगारात टाकायचो का?” असे विचारू लागले. काकांचा प्रश्न आडमुठा वाटेल, पण जगात हाच प्रश्न फार लोकांनी विचारला आहे.

निस्सान लीफ नावाची मोटार डिसेंबर २०१० मध्ये बाजारात आली. तिच्या बॅटरीत ४८ मॉड्युले, प्रत्येकात चार सेल. पेटी थंड ठेवण्यासाठी पाणी किंवा पंख्याची व्यवस्था नव्हती. अमेरिकेतील ॲरिझोना हा वाळवंटी, रखरखीत उन्हाचा प्रांत. तेथील मालकांच्या लक्षात आले की काचेवरच्या बारा रेघांपैकी रेघा एकेक करून विझत आहेत. कंपनीचे म्हणणे निराळे पडले. तेव्हा सप्टेंबर २०१२ मध्ये डझनभर मालक फिनिक्स शहरात आपापल्या गाड्या घेऊन जमले, सगळ्यांनी पूर्ण चार्ज केले, एकाच रस्त्यावर एकाच वेगाने गाड्या संपेपर्यंत चालवल्या आणि कोणती किती धावली ते लिहून काढले. कुणी शास्त्रज्ञ नव्हते, मालक होते. त्याच वर्षाअखेर कंपनीने जाहीर केले की पाच वर्षे किंवा ६०,००० मैल, म्हणजे सुमारे ९६ हजार किलोमीटरच्या आत बॅटरी नऊ रेघांच्या खाली गेली तर ती दुरुस्त करून किंवा बदलून देऊ. तोवर क्षमता घटण्याची हमी अशी नव्हती. वहिनींना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “त्यांनी युनिट लिहिले होते का?”

याच लीफच्या बॅटरीचे पुढे काय झाले तेही काकांना आवडले. मॉड्युले नटबोल्टने बसवलेली असल्याने ती सुटी काढता येत. जपानच्या फुकुशिमा प्रांतात नामिए हे गाव आहे. २०११ च्या अणुभट्टीच्या अपघातात ते पूर्ण रिकामे करावे लागले होते. तेथे मार्च २०१८ मध्ये जुन्या लीफ बॅटऱ्या उघडून, चांगली मॉड्युले निवडून पुन्हा जुळवणारा कारखाना सुरू झाला. नवी बॅटरी साडेसहा लाख येन, दुरुस्त केलेली तीन लाख येन, असा भाव तेव्हा ठरला होता. निम्म्याहून कमी. उलट बाजूला काही नव्या मोटारींत सेल पेटीत बसवून त्यावर फेस ओततात, तो घट्ट होतो आणि पेटी गाडीच्या सांगाड्याचाच भाग बनते. गाडी हलकी होते, बनवायला स्वस्त पडते. एक सेल मात्र पुन्हा बाहेर काढणे जवळजवळ अशक्य. स्वस्त कुणाला पडले, हे ज्याने त्याने पाहावे.

हुकूमाच्या बाबतीत सगळ्यात गाजलेले प्रकरण टेस्लाचे. मे २०१९ मध्ये, काही गाड्या पेटल्यानंतर, या कंपनीने जुन्या मॉडेल एस आणि एक्स गाड्यांना हवेतून एक अपडेट पाठवला. खबरदारीचा उपाय असे कारण दिले. सकाळी उठून मालक पाहतात तो गाडीची धाव कमी झालेली, काहींची चार्जिंगची गती मंदावलेली. अमेरिकेत खटला झाला आणि २०२१ मध्ये १५ लाख डॉलरवर तडजोड होऊन १,७४३ गाड्यांच्या मालकांना प्रत्येकी ६२५ डॉलर मिळाले. नॉर्वेत तीसहून अधिक मालक तेथील तडजोड मंडळापुढे गेले. मंडळाने २०२१ मध्ये प्रत्येकी १ लाख ३६ हजार क्रोनर देण्याचा निर्णय दिला. रकमेतला फरक पाहण्यासारखा आहे, पण आमचे लक्ष दुसरीकडे गेले. दोन्हीकडे माणसे एकटी गेली नव्हती.

गंमत म्हणजे याच कंपनीने सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडात चक्रीवादळ येत असताना काही गाड्यांची दडवलेली क्षमता तात्पुरती मोकळी करून दिली, लोकांना दूर पळता यावे म्हणून. लोकांनी धन्यवाद दिले. म्हणजे पेटीत ऊर्जा होती, मालकाच्या अंगणात होती, कुलूप मात्र कंपनीचे होते. फिनलंडमधील एका मालकाने तर बॅटरीसाठी वीस हजार युरोंच्या घरातला खर्च ऐकून डिसेंबर २०२१ मध्ये आपली गाडी तीस किलो डायनामाइट लावून उडवून दिली. ती चैन आपल्याला परवडणारी नाही. हप्ता उडत नाही.

आणि हुकूम देणारी कंपनीच नाहीशी झाली तर? अमेरिकेतील फिस्कर कंपनी जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिची ओशन नावाची मोटार सॉफ्टवेअरच्या असंख्य तक्रारींसह लोकांच्या दारात उभी राहिली. दुरुस्ती सांगायला कुणी नाही. मालकांनीच संघटना काढली, सुटे भाग शोधू लागले, सॉफ्टवेअर कसे चालू ठेवायचे याची खटपट सुरू केली. आपल्याकडे २००१ साली बंगळूरची रेवा ही छोटी विजेची मोटार आली होती. तिच्यात शिशाच्या साध्या बॅटऱ्या असत. त्या लवकर झिजत, पण बदलायच्या म्हटल्या तर त्यात गूढ काही नव्हते. जुने तेवढे सोने असे आम्ही म्हणत नाही. आजच्या बॅटऱ्या कितीतरी अधिक टिकतात आणि धावतात. फक्त त्या उघडता आल्या पाहिजेत, एवढेच.

अर्ज, पाच सह्यांचा

आम्ही अर्ज लिहिला. सर्व्हिस सेंटरला नव्हे, कंपनीच्या मुख्य कार्यालयाला, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. विचारले ते असे: अमुक तारखेला गाडीत टाकलेल्या सॉफ्टवेअरने बॅटरीच्या वापरात काय बदल केला, तो का केला, मालकाची संमती घेतली का, आणि मॉड्युल सुटे बदलून मिळते का, मिळत असेल तर किती रुपयांत. सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स. खाली चार टॅक्सीवाल्यांच्या सह्या आणि पाचवी वहिनींची. भाऊ म्हणाले, गाडी माझ्या नावावर आहे, तिची सही कशाला? आम्ही म्हटले, पुरावा तिच्या हातचा आहे.

कायद्याचे थोडे सांगतो, कारण येथे आपली माणसे हमखास माघार घेतात. “गाडी धंद्यासाठी आहे, म्हणून ग्राहक कायदा लागू नाही,” असे काउंटरवर आम्हालाही ऐकवण्यात आले. हे अर्धेच खरे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ही व्यापारी हेतूत मोडत नाही. दहा गाड्या घेऊन ड्रायव्हर ठेवणाऱ्याची गोष्ट वेगळी, स्वतःची टॅक्सी स्वतः चालवणाऱ्याची वेगळी. सर्व्हिसिंगचे पैसे भरून पावती घेतली असेल तर त्या सेवेचेही आपण ग्राहक असतो. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील सक्तीचा नाही. आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. आणि सारखीच तक्रार असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक; तेथे आधी नोंद केली तर पुढे कामी येते.

दुरुस्तीच्या हक्काचे म्हणाल तर केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली, तिच्या कामात मोटारी धरल्या होत्या, त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळही सुरू झाले. पण सुटे भाग आणि माहिती दिलीच पाहिजे अशी मोटारींसाठीची सक्ती हे लिहीपर्यंत आलेली नाही. युरोपात २०२३ च्या नियमाने ठरले आहे की १८ फेब्रुवारी २०२७ पासून विजेच्या मोटारीच्या प्रत्येक बॅटरीला तिचे कूळ-मूळ सांगणारा पासपोर्ट असेल. आमच्या वहिनींनी आपल्या गाडीचा पासपोर्ट तेलाच्या डागांसह आधीच तयार केला होता.

अर्जाला सव्वीस दिवस उत्तर नाही. मग आम्ही सात दिवसांची नोटीस दिली. पाचव्या दिवशी फोन आला, भाषा एकदम बदललेली. बाहेरगावाहून एक इंजिनिअर आला, हातात रबरी मोजे, तीन-साडेतीनशे व्होल्टची पेटी. येथे एक सांगून ठेवतो: गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडून ही पेटी कुणी उघडून घेऊ नये. त्या दाबाच्या विजेने माणूस जागच्या जागी जातो, आणि सेलला टोचा लागला तर आग विझवणे कठीण. काकांनाही आम्ही लांब उभे केले होते, त्यांचे हात शिवशिवत असूनही. जी पेटी “वरून परवानगी नाही” म्हणून उघडत नव्हती ती एका दिवसात उघडली. एक मॉड्युल बदलले. बिल ७१,००० रुपये; त्यातले निम्मे कंपनीने सद्भावना म्हणून सोडले. उरलेले वहिनींनी बचतगटातून उचलले, दोन टक्क्यांनी. दागिने घरातच राहिले.

गाडी आता १७० च्या आसपास धावते. १८५ होत नाही. सॉफ्टवेअरमध्ये काय बदलले याचे लेखी उत्तर आलेले नाही. तोंडी “सुरक्षिततेसाठी” एवढेच. सुरक्षिततेसाठी असेल तर आमची हरकत नाही, पण धोका काय होता तो कागदावर द्या, आणि कमी केलेल्या किलोमीटरचे काय ते सांगा, एवढी मागणी आहे. बाकी तिघांच्या गाड्यांत दुखणे नव्हतेच, त्यांची तूट निव्वळ त्या हुकुमाची. भाऊंच्या मॉड्युलचा प्रश्न सुटल्यावर ते आता या तिघांना सोडतील की काय अशी आम्हाला धास्ती होती. त्यांनी पहिली सही पुन्हा स्वतः केली. चौघांची एकत्र तक्रार जिल्हा आयोगात दाखल झाली आहे.

जुनी विजेची मोटार घेण्याच्या विचारात असलेल्या दोघा-तिघांनी एव्हाना आम्हाला गाठले आहे. गाडीचा रंग आणि सीट पाहून हरखू नका, असे आम्ही त्यांना सांगतो. बॅटरीच्या तब्येतीचा छापील अहवाल मागा. वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का, टॅक्सीला होते का, किती किलोमीटरपर्यंत, हे लेखी घ्या. सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या मागा, आणि एक दिवस गाडी स्वतः भरून, स्वतः रिकामी होईपर्यंत चालवून पाहा. पेटी उघडून मॉड्युल बदलण्याची सोय महाराष्ट्रात कुठे आहे हे विक्रेत्याला तोंडावर विचारा. तो अडखळला तर किंमत त्या मानाने पाडून मागा. अपडेट घ्यायचा की नाही? घ्यावा, पण काय बदलणार ते आधी विचारून, आणि आदल्या व नंतरच्या आठवड्याचे युनिट-किलोमीटर लिहून.

त्या तिघा टॅक्सीवाल्यांच्या घरीही आता वह्या सुरू झाल्या आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या ओट्यावर येतात आणि आम्ही बेरजा तपासतो. गेल्या खेपेला वहिनींनी आपल्या वहीत सहावा रकाना आखून आणला होता. “त्या दिवशी ऊन किती होतं ते लिहिते,” म्हणाल्या. “आयोगापुढे परत थंडीचं नाव काढलं तर?”